झाडं दुसरीकडे लावू म्हणजे नक्की कुठे?

गेल्या वीकेंडला कॅम्प लाँगला मुक्काम केला. अमेरिकेतल्या वेस्ट सिअॅटलमधलं 68 एकरांचं सिटी पार्क आहे हे, आत दहा लाकडी केबिन्स, बंक बेड आणि लाइट आहे बाकी काही नाही, अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं आणि स्वयंपाक बाहेर शेकोटीवर. पोरं दिवसभर ट्रेलवर चिखलात होती. रात्री छपरावर फरच्या झाडांचं पाणी ठिबकत होतं आणि मी फोनवर आमच्या फॅमिली ग्रुपवर मुंबईच्या आरेच्या जंगलात मेट्रो कारशेडसाठी तोडलेल्या झाडांवरून चाललेलं भांडण वाचत होते.

दादा म्हणतो मेट्रो 3 आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावतेय, रोज हजारो लोक जातात, झाडं दुसरीकडे लावलीत की, विषय संपवा. मेट्रो हवीच, मीही गोरेगावात वाढलेय, लोकलच्या दारात लटकून कॉलेजला गेलेय, मला कुणी सांगायला नको. पण 2019 च्या ऑक्टोबरमध्ये झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळणारा हायकोर्टाचा निकाल आला त्याच रात्री करवती सुरू झाल्या आणि सुप्रीम कोर्टाची स्थगिती येईपर्यंत दोन हजारांवर झाडं पडली होती, ते मी इथून लाइव्ह बघितलंय आणि अजून विसरता येत नाही.

माझा राग "दुसरीकडे" या शब्दावर आहे. सिअॅटलमध्ये लोकांनीच सह्या गोळा करून इनिशिएटिव्ह 42 हा कायद्याचा प्रस्ताव आणला आणि 1997 मध्ये कौन्सिलने त्याचा कायदा केला, की पार्कची जमीन दुसऱ्या कामाला घ्यायची तर तेवढीच, तशीच जमीन जवळपास, त्याच लोकांना वापरता येईल अशा ठिकाणी पार्क म्हणून द्यायची, आणि त्याआधी जाहीर सुनावणी. रोपांची संख्या मोजून सुटका नाही. पुण्यात वेताळ टेकडीवरून बालभारती-पौड फाटा रस्ता न्यायचा की नाही यावर इतकी वर्षं वाद चाललाय, तिथे असा नियम असता तर पहिला प्रश्न हाच आला असता की बदल्यात कोथरूडला दुसरी टेकडी कुठून आणणार? उत्तर नसेल तर रस्त्याचा विचार दुसऱ्या बाजूने करावा लागला असता.

पण इथलं सगळं उचलून तिकडे न्या असं मी म्हणणार नाही, विशेषतः केबिन्स तर नाहीच. आरेत बिबटे आहेत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाड्यांवर वारली माणसं राहतात, ती आंदोलनात पुढे होती, कारण त्यांचं ते घर आहे. इथे सिअॅटलची ही जमीन मूळच्या डुवामिश आदिवासींची, शहराचं नाव त्यांच्याच प्रमुखाचं, आणि त्याच गावाने 1865 मध्ये त्यांना गावात राहायला बंदी करणारा ठराव केला. जंगल रिकामं आहे म्हणून मी दोन रात्री भाड्याने घेऊ शकते, ते रिकामं कसं झालं हे माहीत असताना आरेला "असंच मस्त इको-टुरिझम करा" असं सांगायला माझी जीभ वळत नाही.

दादाला तेवढंच लिहिलं, की कायदा इथला घ्या, पाडे तिथलेच राहू द्या. त्याने अजून वाचलं नाहीये, तिकडे पहाट होती.