आधी माझं म्हणणं तरी ऐक की भावा

संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर चार टाळकी जमली की एकाला तरी तत्त्वज्ञान चढतंयच. चढू दे, आमचं काय म्हणणं नाही, पण वाद घालायची काही रीत असते का नाही? मी म्हटलं, माणसाच्या हातात सगळंच नसतंय, बास एवढंच, तर गडी लगेच "म्हणजे खुन्याला पण सोडून द्यायचं व्हय?" अरे कोण सोडतंय त्याला, मी भेळ खायला आलोय मर्दा! जुने पंडित आधी पूर्वपक्ष मांडायचे, म्हणजे समोरच्याचं म्हणणं नीट सांगायचं आणि मग खोडायचं. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तर चर्चेचे तीन प्रकारच केलेत, सत्य शोधायला वाद, नुसतं जिंकायला जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याचं फक्त पाडत बसायचं ती वितंडा. आमच्या कट्ट्यावर जल्पसुद्धा परवडला असता.

त्यात तो जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे! गड्यानं त्याचं "देव मेला" एवढंच मोबाईलवर वाचलेलं. नीत्शेच्या १८८२ च्या पुस्तकात ते एका वेड्याच्या तोंडी आहे, तो सकाळच्या उन्हात कंदील घेऊन बाजारात देव शोधत फिरतोय, आणि आपणच त्याला मारलं म्हणून हादरलाय, हे सांगितलं तर उत्तर काय? "तुझं शिक्षण किती?" बी.कॉम. मग? आणि हरायला लागला की "प्रत्येकाचं सत्य वेगळं असतंय" म्हणून हा मोकळा, अरे हे आधीच सांगायचं होतंस की लगा, तासभर घसा कशाला कोरडा केला असता मी.