तिळाचा लाडू धोकादायक, पोरांचे नंबर मात्र उघड्यावर

आज डिस्ट्रिक्टचं पत्र आलं. पातळ पाकीट, खिडकीतून दिसणारं लेकीचं नाव. आठ वर्षांच्या पोरीच्या नावाने टपाल येतं तेव्हा ते बहुतेक कुणाच्या तरी वाढदिवसाचं आमंत्रण असतं. हे नव्हतं. "आपल्या पाल्याची काही माहिती अनधिकृत व्यक्तीच्या हाती गेली असण्याची शक्यता आहे." नाव, जन्मतारीख, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर (आपल्या आधारसारखा, कर आणि कर्ज सगळं ज्याला जोडलेलं असतं तो), आरोग्याच्या नोंदी. घुसखोरी गेल्या हिवाळ्यातली. पत्र आज. आणि खाली ते ठरलेलं वाक्य, की तुमच्या माहितीची सुरक्षितता आम्हाला अतिशय महत्त्वाची वाटते. वाटते ना? दिसलंच.

शेवटी सल्ला काय, तर सतर्क राहा. नंबर घालवणार तुम्ही आणि पहारा देणार आम्ही!

(भारतातल्या मंडळींसाठी: डिस्ट्रिक्ट म्हणजे इथे न्यू जर्सीत गावच्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ. कुठलं ते लिहीत नाही. उद्या कोर्टाची पायरी चढायची वेळ आलीच तर फेसबुकवर आधीच सगळं ओकून ठेवू नकोस, असं वकील मैत्रिणीने बजावलंय.)

गेल्या संक्रांतीचा किस्सा इथल्या मैत्रिणींना पाठ आहे, बाकीच्यांना सांगते. लेकीने वर्गासाठी छोट्या स्टीलच्या डब्यात तिळाचे लाडू नेले. मी दुसऱ्या मजल्यावरच्या मीटिंगमध्ये असताना शाळेतून फोन. डबा जप्त. तीळ हा अ‍ॅलर्जीचा पदार्थ, शिवाय घरी केलेला. संध्याकाळी गेले तर डबा झिपच्या पिशवीत, वर लाल स्टिकर, रजिस्टरमध्ये वेळ, वर्ग, पदार्थाचं नाव आणि माझी सही. सही केल्याशिवाय लाडू परत नाहीत. दुसऱ्या दिवशी दप्तरात एक फॉर्म, की पालकांनी नियम वाचले आहेत. त्यावर परत सही.

तीळ २०२३ पासून अमेरिकेच्या मुख्य अ‍ॅलर्जी यादीत आहे आणि एखाद्या लेकराचा जीव जाऊ शकतो, हे मान्य. पुढे चला.

पण ज्या ऑफिसात लाडू कोणी आणले, कोणी नेले याचं रजिस्टर आहे, त्याच ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये कोण शिरलं आणि काय काय घेऊन गेलं हे कळायला इतके महिने लागतात? लाल स्टिकर तिथे का नाही लावला कोणी?

दुपारभर वकील मैत्रिणीचं डोकं खाल्लं. तिने जे सांगितलं ते ऐकून आधी रडू आलं, मग राग. विद्यार्थ्यांच्या नोंदी जपण्यासाठी फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे. मला वाटलं, झालं काम! कसलं काय. २००२ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की या कायद्याखाली पालकाला स्वतः दावा लावता येत नाही. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, शिक्षण खात्याकडे १८० दिवसांत तक्रार करायची. खातं फार तर शाळेचा निधी रोखणार. म्हणजे भुर्दंड पुन्हा आमच्याच पोरांना!

मग राज्याचा कायदा. न्यू जर्सीत सरकारी संस्थेकडून भरपाई मागायची तर ९० दिवसांत तिला रीतसर नोटीस द्यावी लागते. दावा नंतर, नोटीस आधी. ९० दिवस घटनेपासून की कळल्यापासून, यावर वकील भांडत बसतात, म्हणून मी पाकीट पोस्टाच्या शिक्क्यासकट जपून ठेवलंय आणि वर आजची तारीख टाकलीय. तुमच्याकडेही आलं असेल तर पाकीट फेकू नका. दुसऱ्या राज्यातल्यांनी आपापली मुदत विचारून घ्या, ती सगळीकडे सारखी नसते.

आणि दावा लावून तरी काय? "नुकसान काय झालं?" हा पहिला प्रश्न. २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर 'पुढे कधीतरी होऊ शकेल' एवढ्यावर फेडरल कोर्टात भरपाई मिळवणं कठीण झालंय. माझी लेक आठ वर्षांची. तिच्या नंबरावर आज कोणी कर्ज काढलं तर ते तिला कळणार अठराव्या वर्षी, पहिलं क्रेडिट कार्ड मागेल तेव्हा. लहान मुलाचा नंबर चोराला आवडतो तो याचसाठी. कोरा असतो आणि दहा वर्षं कोणी बघत नाही.

डिस्ट्रिक्ट हाती लागलं नाही तरी सॉफ्टवेअरवाली कंपनी लागू शकते. शाळांना नोंदींचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या पॉवरस्कूल कंपनीचं प्रकरण आठवा (आमचं नव्हे, ते वेगळं). डिसेंबर २०२४ मध्ये चोरलेल्या एका पासवर्डाने माणूस मदतकेंद्राच्या पोर्टलमध्ये शिरला, आणि फोनवर कोड येतो तशी दुसरी कडी त्या दाराला नव्हती. लाखो मुलांची माहिती गेली. टोरांटोच्या शाळामंडळात तर १९८५ पासूनच्या नोंदी त्यात होत्या. म्हणजे तेव्हाची पोरं आज आजी-आजोबा व्हायला आलीत! चोर कोण, तर मॅसेच्युसेट्सचा १९ वर्षांचा कॉलेजकुमार. २०२५ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. कंपनीने खंडणी भरली होती, डेटा पुसल्याचा व्हिडिओ बघून विश्वासही ठेवला होता. काही महिन्यांत वेगवेगळ्या डिस्ट्रिक्टना पुन्हा पैशांच्या धमक्या आल्या. चोराने दाखवलेला व्हिडिओ बघून निर्धास्त होणाऱ्या लोकांच्या हाती आपल्या पोरांची कुंडली आहे, आणि माझ्या लाडवांना सही लागते.

टेक्ससच्या अ‍ॅटर्नी जनरलने त्या कंपनीवर खटला भरला. देशभरातले पालकांचे दावे सॅन दिएगोच्या फेडरल कोर्टात एकत्र झाले. असं कधी तुमच्या बाबतीत झालं तर सामूहिक दाव्याची नोटीस रद्दीत टाकू नका, एवढंच. गबर व्हाल असं नाही. लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीतली २०१७ ची चोरी आठवते ना? १२५ डॉलर मिळणार म्हणून सगळे नाचले आणि हातात पडली चिल्लर.

"आपण व्हिसावर, कशाला कोर्टाच्या भानगडीत पडायचं" असं दोघीतिघींनी आत्ताच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलंय. अगं, सामूहिक दाव्यात नाव असणं हा काही गुन्हा नाही. पोटातली भीती मला कळते, मीही ग्रीन कार्डच्या रांगेतच आहे. पण गप्प बसून ती रांग पुढे सरकत नाही.

पुण्याहून दादाचा फोन, "तुमच्याकडे तरी कायदे कडक असतील." नाहीत रे दादा. आणि आपल्या भारतातल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे खरा, पण तो सरकारच्या तिजोरीत जातो, ज्याची माहिती गेली त्याला दमडी नाही. बघ म्हणजे.

बरं. आता जरा शांत झालेय, चहा घेतला. कोर्टाची वाट न बघता करायचं ते सांगते.

मुलांचं क्रेडिट फ्रीज करा. मॉनिटरिंग नव्हे, फ्रीज. पत्रात जे एक वर्षाचं फुकट मॉनिटरिंग देऊ केलंय ते चोरी झाल्यावर घंटा वाजवतं. घ्या, फुकट आहे म्हणून घ्या, पण अटींमध्ये वाद लवादाकडेच न्यायचा असं कलम लपलंय का ते आधी बघा. फ्रीज म्हणजे दारच बंद, त्या नंबरावर नवं कर्ज निघूच नये म्हणून. सप्टेंबर २०१८ पासून १६ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांना ते फुकट करता येतं. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन, ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तीन कंपन्या, तिघींकडे वेगवेगळं. मोठ्यांचं ऑनलाइन पाच मिनिटांत होतं, मुलांचं मात्र बहुतेक करून टपालाने: जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, तुमचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, सगळ्याच्या प्रती. हो, ज्या इक्विफॅक्सने स्वतः १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती घालवली, तिलाच लेकीचा जन्मदाखला पाठवायचा. हसू नका, मीही आज तीन पाकिटं भरलीत.

आयआरएसकडून, म्हणजे इथल्या करखात्याकडून, सहा आकडी पिन मुलांसाठीही मिळतो, दर वर्षी नवा. मग दुसरा कोणी तुमच्या पोराला आपलं अवलंबित दाखवून रिटर्न भरू शकत नाही. आणि घरच्या म्हाताऱ्यांना सांगून ठेवा. उद्या फोन करणाऱ्याला नातीचं नाव, इयत्ता, बसचा नंबर सगळं ठाऊक असेल. माझ्या सासूबाई तर एवढ्यावर त्याला चहाला बोलावतील.

फ्रीजने सगळं झाकत नाही, हे लिहिताना मात्र हात जड होतो. २०२३ मध्ये मिनियापोलिसच्या शाळांची माहिती चोरांनी नेटवर टाकली, त्यात मुलांवरच्या अत्याचारांचे अहवालही होते. त्या पोरांनी काय फ्रीज करायचं?

त्या दिवशी ऑफिसातली नर्सबाई लेकीला जवळ बसवून म्हणाली होती, "तुझ्या आईचे लाडू मी जपून ठेवलेत." भली बाई आहे. तिने खरंच जपले होते, एकही फुटला नव्हता. तिच्यावर माझा राग नाही. राग वरच्या लोकांवर आहे, ज्यांनी नंबर मागितला कशाला याचं उत्तर आजही दिलेलं नाही. प्रवेशाला सोशल सिक्युरिटी नंबर सक्तीचा करता येत नाही. नंबर न दिल्याने मुलाला शाळा नाकारता येत नाही, आणि तो ऐच्छिक आहे हे शाळेने सांगायला हवं. आमच्या फॉर्मवर नुसता रकाना होता. 'ऐच्छिक' कुठेही नाही. लाडवांच्या नियमांना दोन पानं होती!

म्हणून मी लेखी मागणी करतेय: कुठल्या अधिकाराने घेतला, किती वर्षं ठेवणार, आणि आता पुसा. चोरापेक्षा मला या साठवणीचा संताप जास्त आहे. जे ठेवलंच नाही ते चोरीला कसं जाईल?

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची मीटिंग आहे. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं मिळतात आणि नाव आधी द्यावं लागतं, तेव्हा आमच्या गावातल्यांपैकी कोण येतंय ते खाली लिहा. पत्राचा मसुदा हवा असेल तर इनबॉक्स करा. आणि "जाऊ दे गं" असं लिहिणाऱ्यांनी आज नको, उद्या लिहा.