सर्व्हेअर येईपर्यंत गादी भिजत ठेवा म्हणे!

मामेभावाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावरची पाईप फुटून पाणी आलं, आणि हा पठ्ठ्या घोटाभर पाण्यात खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेला. फोनवर विचारलं पाणी काढलंस का, तर म्हणतो, "नाही गं ताई, कशालाही हात लावला तर क्लेम बाद होतो, व्हॉट्सअॅपवर आलंय." तोच तो फॉरवर्ड, 'भाडेकरूंनो, इन्शुरन्स कंपनीला असे हाताळा'. सर्व्हेअर (म्हणजे क्लेमसाठी नुकसानीची पाहणी करणारा माणूस) येईपर्यंत काही हलवू नका, नुकसान दुप्पट सांगा, २४ तासांत कळवलं नाही तर पैसे विसरा, बिल नाही तर एक रुपया नाही, शॉर्ट सर्किट कव्हरच नसतं, घरमालकाच्या पॉलिसीत तुमचं सामान येतंच, आणि शेवटी एका 'क्लेम कन्सल्टंट'चा नंबर. आतापर्यंत मी दुर्लक्ष करत होते, पण आता घरातलाच माणूस पाण्यात बसलाय म्हटल्यावर लिहिणं भाग आहे.

काही हलवू नका, हा सगळ्यात घातक. कुठल्याही घराच्या पॉलिसीत नुकसान वाढू नये म्हणून शक्य ते करणं ही पॉलिसीधारकाचीच जबाबदारी असते. म्हणजे तुम्ही पाणी तसंच ठेवलंत आणि सकाळी बचावली असती ती पुस्तकं, तो लाकडी पलंग संध्याकाळपर्यंत फुगून गेला, तर हे वाढीव नुकसान तुमच्या निष्काळजीपणामुळे झालं असं कंपनी म्हणू शकते, आणि खरं सांगायचं तर तिचं चूकही नसेल. आणि पैशांचं राहू द्या, पाणी साचलेल्या खोलीत प्लग-बोर्ड चालू ठेवून सर्व्हेअरची वाट बघायची? आधी मेन स्विच बंद (तोही कोरड्या जागी उभं राहून हात पोचत असेल तरच), मग पाण्याचा व्हॉल्व्ह, मग मोबाईल काढून व्हिडिओ, खोलीच्या दारापासून सुरुवात करून, पाणी कुठून येतंय ते, भिंतीवर कुठपर्यंत चढलंय ते, प्रत्येक वस्तू जवळून, मागचं मॉडेल-सिरीयल नंबरचं स्टिकर दिसेल असं. एवढं झालं की खुशाल पाणी काढा, सामान उचला, वाळत घाला. प्लंबरला बोलावलं तर त्याची पावती घ्या आणि त्यावर काय फुटलं होतं ते लिहून घ्या, क्लेमच्या वेळी हा कागद फार कामाला येतो. या नियमात खरं असेल तर एवढंच की खराब झालेली वस्तू सर्व्हेअरने बघायच्या आत भंगारवाल्याला देऊ नये. गादी गॅलरीत टाका, वास येतोय म्हणून कचऱ्यात टाकू नका. पण 'फेकू नका' आणि 'भिजत ठेवा' यात काही फरक आहे की नाही?

'नुकसान ५० हजारांचं असेल तर १ लाख सांगा, कंपनी निम्मं कापतेच.' हे लिहिणाऱ्याला धरून आणावंसं वाटतं. कंपनी कापते हे खरं, नाही म्हणत नाही. पण ती कापते वस्तूच्या वयावरून, झीज धरून, नाहीतर पॉलिसीतल्या मर्यादेवरून. तुम्ही आकडा फुगवून लिहिला म्हणून सहा वर्षांचा टीव्ही काही दोन वर्षांचा होत नाही. उलट खोटं सापडलं की फक्त टीव्हीचे पैसे जात नाहीत, फसवणुकीच्या अटीखाली अख्खा क्लेम जातो, त्यातलं खरं नुकसानसुद्धा. सर्व्हेअरचा धंदाच हा आहे हो, रोज भिजलेले टीव्ही बघतो तो.

२४ तासांची गंमत वेगळीच. लगेच कळवायलाच पाहिजे, आग असेल तर फायर ब्रिगेडचा रिपोर्ट, चोरी असेल तर पोलीस, ते सगळं बरोबर. पण नुसत्या उशिरासाठी खरा क्लेम नाकारू नका असं विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकातच कंपन्यांना सांगून ठेवलंय. आणि जून २०२४ चं जनरल इन्शुरन्सचं (म्हणजे जीवन विमा सोडून बाकीच्या विम्याचं) मास्टर परिपत्रक, म्हणजे नियम एकत्र देणारं परिपत्रक, बघा, त्यात २४ तास आहेत, पण ते तुमच्यासाठी नाहीत, कंपनीसाठी आहेत! क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा रिपोर्ट मिळवायचा आणि रिपोर्ट आल्यापासून ७ दिवसांत निर्णय द्यायचा. फॉरवर्डवाल्याने कंपनीचं बंधन उचलून भाडेकरूच्या गळ्यात बांधलंय.

बिलाचंही उत्तर त्याच परिपत्रकात, कागदपत्रं नाहीत एवढ्या कारणावरून क्लेम फेटाळता येत नाही. बिल असेल तर काम पटकन होतं, मान्य. नसेल तर ऑनलाइन ऑर्डरचा ईमेल, बँक स्टेटमेंट, वॉरंटी कार्ड, दिवाळीच्या फोटोत मागे दिसणारा फ्रिज, काहीही चालवून बघा.

शॉर्ट सर्किट, हे अर्धं खरं. ज्या उपकरणात शॉर्ट सर्किट झालं ते उपकरण साधारणपणे वगळलेलं असतं. त्यातून आग लागून पडदे आणि सोफा जळला तर ते नुकसान आगीत धरतात.

घरमालकाच्या पॉलिसीत तुमचं सामान येत नाही. नाही म्हणजे नाही. त्याच्या पॉलिसीत त्याचं घर आणि त्याचं सामान. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते आणि त्यात भाडेकरूला नुसत्या सामानाचं कव्हर घेता येतं. आग, पूर, वादळ, भूकंप, पाईप किंवा टाकी फुटणं हे त्यात आहे. महिनोन्महिने ओल येऊन कपाट कुजलं तर मात्र ते फुटणं नव्हे, तिथे आशा धरू नका. आणि गंमत बघा, घरमालकाच्या पॉलिसीत सगळं येतंच असेल तर मग हे बाकीचे नियम कुठल्या क्लेमसाठी आहेत?

फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट मीच सांगते. वरचा फ्लॅटवाला हातापाया पडून 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून मागतो, ते सही करून देऊ नका. तुम्हाला पैसे दिल्यावर ज्याची चूक त्याच्याकडून वसूल करायचा हक्क कंपनीला मिळतो, तो तुम्ही परस्पर सोडून दिलात की तुमचाच क्लेम अडकतो.

राहिला तो कन्सल्टंट, जो मिळालेल्या रकमेत टक्का मागतो (आता कळलं ना फॉरवर्ड कुठून निघाला असेल). कंपनीने नाकारलं तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागात लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा, मुंबईतही ऑफिस आहे आणि पुण्यातही. फी नाही, वकील तर चालतच नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. फक्त कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायचं.