मागची सीट मोजायची कुणी?

गेले चार महिने मी जुनी गाडी शोधतो आहे, आणि माझी अपेक्षा एवढीच आहे की ताम्हिणी घाटात ती चालवताना मजा यावी आणि मागे दोन मुले व त्यांची आजी नीट बसावीत. प्रत्येक विक्रेता मात्र टर्बो इंजिनाचे गुणगान आणि ‘डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड’ या पालुपदापलीकडे जात नाही. मुलांची सीट गाडीला घट्ट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक आहेत का, असे विचारले की तो मला म्युझिक सिस्टिम दाखवतो!

परवा मी धाकटीची, मागे तोंड करून लावायची सीटच सोबत नेली. ती बसवताना पुढची सीट इतकी सरकवावी लागली की बायकोचे गुडघे डॅशबोर्डला टेकले, आणि आजीसाठी मध्ये जेमतेम वीतभर जागा उरली. ‘‘मुलं काय साहेब, मांडीवर बसतात की,’’ असे विक्रेता हसत म्हणाला. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे, हे २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यातच लिहिलेले आहे. पण ते त्याला सांगणार कोण? रविवारी पुन्हा एक गाडी पाहायची आहे, आणि त्याही जाहिरातीत अलॉय व्हीलचे सात फोटो असून मागच्या सीटचा एकही नाही.