भूक मारून वजन उतरवायचा हट्ट सोडा

वजन कमी करायचं ठरलं की बहुतेकांची सुरुवात एकसारखीच असते. जेवण निम्म्यावर, नाश्ता बंद, पहाटे पाचचा गजर आणि नवे बूट. पहिला आठवडा उत्साहात जातो, काटाही दोनेक किलो खाली सरकतो. मग चिडचिड, डोकेदुखी, आणि रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात जाऊन एकेक डबा उघडून बघणं. महिना व्हायच्या आत गजर बंद झालेला असतो आणि गेलेलं वजन सव्याज परत आलेलं असतं. यावर आजूबाजूचे सगळे एकच निदान करतात: जिद्द कमी पडली.

मला हे निदान अजिबात पटत नाही. माणूस परीक्षा देतो, पोरं वाढवतो, कर्जं फेडतो, नावडती नोकरी वर्षानुवर्षं टिकवतो. तिथे सगळीकडे जिद्द पुरते आणि फक्त ताटापुढे संपते, असं कसं होईल? पोटात कावळे ओरडत ठेवून आखलेलं डाएट आज ना उद्या मोडणारच. मोडलं तर त्या डाएटला नावं ठेवा, स्वतःला कशाला?

उपासमारीपुढे जिद्दीचं काय होतं, हे एका जुन्या प्रयोगात फार स्पष्ट दिसलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला, 1944-45 मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हे सगळे आपखुशीने आलेले, तत्त्व म्हणून शस्त्र उचलायला नकार दिलेले. म्हणजे मनाने कच्चे तर नक्कीच नव्हते. त्यांना रोज साधारण 1570 कॅलरी मिळायच्या आणि भरपूर चालायला लागायचं. (मोबाइलवर फिरणारे कितीतरी डाएट चार्ट यापेक्षाही कमी कॅलरींचे असतात, ते लोक कशाच्या जोरावर पाळतात देव जाणे.) वजन जवळपास एक चतुर्थांश उतरलं खरं, पण माणसं ओळखू येईनाशी झाली. दिवसभर बोलणं खाण्याचं, स्वप्नं खाण्याची, पाककृतींची पुस्तकं जमवणं, ताट चाटूनपुसून साफ करणं, सतत थंडी वाजणं, कशातच मन न लागणं. बंधनं उठल्यावर काहींचं कितीही खाल्लं तरी समाधान होईना.

यात गूढ काही नाही. वजन उतरायला लागलं की शरीर भूक वाढवतंच. जठरातून येणारं घ्रेलिन हे भूक जागी करणारं संप्रेरक वाढतं, आणि चरबीच्या पेशींतून मेंदूला 'साठा पुरेसा आहे' असं कळवणारं लेप्टिन घटतं. ही यंत्रणा दुष्काळात माणसाला जगवण्यासाठी आहे, तिला तुमच्या जीन्सच्या मापाशी काही देणंघेणं नाही. तिच्याशी कुस्ती खेळण्यापेक्षा तिला कमी कॅलरीत शांत कसं करायचं ते बघितलेलं बरं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि ते वाटतं त्यापेक्षा सोपं आहे.

कारण पोट कॅलरी मोजत बसत नाही. ते भरलं का, ताणलं गेलं का, चावायला वेळ लागला का, प्रथिनं आली का, यावर बरंचसं ठरतं. सिडनी विद्यापीठातल्या सुझॅना होल्ट यांनी 1995 मध्ये 38 पदार्थ घेतले. प्रत्येकाचा 240 कॅलरींचा वाटा लोकांना दिला आणि पुढचे दोन तास त्यांना विचारत राहिले, पोट किती भरल्यासारखं वाटतंय? पांढऱ्या ब्रेडला 100 धरलं, तर पहिला आला साधा उकडलेला बटाटा, 323 वर. शेवटचा क्रोसाँ, म्हणजे लोणी घालून भाजलेला फ्रेंच पाव, 47. कॅलरी तेवढ्याच आणि समाधानात जवळपास सातपट फरक! ज्या बटाट्याला वजनाच्या नावाखाली सगळ्यात आधी हाकललं जातं तोच पहिला आला, याची मला अजूनही गंमत वाटते. अर्थात तो उकडलेला होता. तळला की त्याची कुंडली बदलते.

का बदलते? एक ग्रॅम कर्बोदकांत किंवा प्रथिनांत साधारण 4 कॅलरी असतात, चरबीत 9. काकडी, टोमॅटो, दुधी यांत बहुतेक पाणीच, म्हणून 100 ग्रॅमला 15-20 कॅलरी. शिजवलेली डाळ वा कडधान्यं 100 ग्रॅमला सव्वाशेच्या आसपास. बिस्किटं मात्र त्याच वजनाला साडेचारशे-पाचशे, आणि ती दहा मिनिटांत बोलता बोलता संपतात. शिजवलेलं कडधान्य चारशे ग्रॅम बोलता बोलता संपवून दाखवा बरं.

कुणाला एकच गोष्ट सुचवायची झाली तर मी तेल मोजायला सांगेन. बाटलीतून थेट कढईत ओतताना हात कधी थांबतो? तेल तळावर पसरून चकाकायला लागलं की. तो अंदाज भांड्याच्या आकारावर ठरतो, खाणाऱ्यांच्या संख्येवर नाही. तेच तेल आधी वाटीत घ्या आणि जेवायच्या मोठ्या चमच्याने कढईत घाला. एक चमचा म्हणजे 14 ग्रॅमच्या आसपास, 120 कॅलरी. रोजच्या भाजीत नेमके किती चमचे जातात हे पहिल्यांदा मोजणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्यातले दोन चमचे कमी केले तर चवीत फारसा फरक पडत नाही, पोटाला कळतही नाही, आणि कढईतल्या 240 कॅलरी जातात. बदल्यात ताटातला एक घासही कमी करावा लागत नाही.

"पण मी तर फारसं खातच नाही," हे वाक्य अगदी मनापासून म्हटलं जातं. म्हणणारे खोटं बोलत नसतात. 1992 मध्ये अमेरिकेत नेमक्या अशाच लोकांचं खाणं शास्त्रीय पद्धतीने मोजलं गेलं, तेव्हा त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्क्यांनी कमी निघालं आणि सांगितलेली हालचाल 51 टक्क्यांनी जास्त. पोरांच्या ताटात उरलेलं, स्वयंपाक करताना चाखलेलं, चहातली साखर, मीटिंगमधली मूठभर शेव किंवा शेंगदाणे, हे कुणाच्याच हिशेबात धरलं जात नाही. म्हणून आयुष्यभर नाही, पण एखादा आठवडा सगळं लिहून बघावं. नंतर वही फेकून द्या, डोळ्यांना सवय झालेली असते.

प्रथिनांबद्दल थोडं सविस्तर. दुपारी चार-पाचला जी खा खा सुटते ती बऱ्याचदा सकाळी आणि दुपारी प्रथिनं कमी पडल्यामुळे. ऑफिसात बघा, सकाळी नुसता चहा पिऊन आलेला आणि दुपारी 'हलकं' म्हणून सॅलडचा डबा संपवलेला माणूस संध्याकाळी बिस्किटाच्या पुड्याभोवती घुटमळत असतो. त्याला आळशी म्हणू नका, तो भुकेला आहे. अंडी, मासे, चिकन, डाळी, कडधान्यं, दही, पनीर, सोयाबीन, ज्याला जे चालतं ते, पण प्रत्येक जेवणात ठसठशीत दिसेल इतकं हवं. प्रथिनं पचवण्यातच त्यांच्यातली 20 ते 30 टक्के ऊर्जा खर्च होते, हा वरचा फायदा. शिवाय वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, ती झीज पुरेशा प्रथिनांनी कमी होते.

कारखान्यातून पाकिटात येणाऱ्या खाण्याबद्दल मी जरा कडकच आहे. 2019 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 20 जणांना संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांतली साखर, चरबी, तंतू, कॅलरी जुळवलेल्या, आणि हवं तेवढं खायची मुभा. पाकीटवाल्या खाण्यावर असताना लोक रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेले आणि सरासरी 0.9 किलो वाढले. साध्या जेवणावर तेवढेच उतरले. 'कमी खा' असं त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. हा प्रयोग माहीत असूनही कुणी 'डाएट' लिहिलेली बिस्किटं घेऊन आलं की मी फक्त हसतो.

लो कार्ब की लो फॅट, म्हणजे कर्बोदकं कमी करायची की चरबी, या भांडणात मला रस उरलेला नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2018 मध्ये 609 जणांवर वर्षभर दोन्ही करून बघितलं. एका गटाचं सरासरी 5.3 किलो उतरलं, दुसऱ्याचं 6. फरक नगण्य. दोन्ही गटांना भाज्या भरपूर खा, साखर आणि मैदा टाळा, एवढं मात्र सारखंच सांगितलं होतं. जे तुम्हाला वर्षभर न कंटाळता जमेल ते धरा आणि विषय सोडा.

आता व्यायाम. घाम गाळल्याशिवाय चरबी वितळत नाही, हा समज फार घट्ट बसला आहे. 70 किलोच्या माणसाने अर्धा तास झपझप चालावं तर दीडशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात, पळावं तर तीनशेच्या. पळून आल्यावर मात्र 'आज मी पळलोय' म्हणून एक गोड पदार्थ जास्तीचा जातो आणि उरलेला दिवस सोफ्यावर. हिशेब शून्य, गुडघे दुखतात ते वेगळंच. व्यायाम हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी, मूडसाठी उत्तमच आहे आणि उतरलेलं वजन टिकवायला तर फारच कामाचा. पण ज्याला दमछाक नको वाटते त्याने तेवढ्यासाठी वजनाचा नाद सोडायचं काहीच कारण नाही.

कारण साध्या हालचालीची ताकद आपण धरतच नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या जेम्स लेव्हिन यांनी 1999 मध्ये 16 जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा 1000 कॅलरी जास्त खाऊ घातल्या. कुणाची चरबी जेमतेम 0.36 किलो वाढली, कुणाची 4.23 किलो. ज्यांची कमी वाढली त्यांनी जिम लावली नव्हती. ते नकळत जास्त उठबस करायला, चुळबुळ करायला, उभं राहायला लागले होते. फोनवर बोलताना येरझाऱ्या घाला, जिने चढा, जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं शतपावली करा. जेवणानंतर चालल्याने रक्तातली साखरही कमी उसळते. आणि दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नका, तो आकडा 1960 च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पेडोमीटरमुळे, म्हणजे पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे, रूढ झाला, कुठल्या वैद्यकीय संशोधनामुळे नाही. आज तीन हजार होत असतील तर पाच हजार करा. जमलं तर आठवड्यातून दोनदा घरच्या घरी खुर्चीतून हात न टेकता उठबस आणि भिंतीला हात लावून पुशअप, स्नायूंसाठी तेवढंही पुष्कळ.

झोपेचं सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच ऐकत नाही. कमी झोपणाऱ्या लोकांची झोप रोज तासाभराहून थोडी जास्त वाढवली, तर त्यांचं खाणं आपसूक सुमारे 270 कॅलरींनी घटलं, असा 2022 मधला एक अभ्यास आहे. रात्री अकराला ते डबे उघडणारा माणूस त्या वेळी झोपलेला असता तर प्रश्नच मिटला होता.

राहिला काटा. पहिल्या आठवड्यात जे दोन किलो झरझर उतरतं त्यात पाणी जास्त असतं. शरीरातल्या साठवणीच्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, साठा संपला की तेही जातं. एखादं खारट जेवण झालं की दुसऱ्या दिवशी काटा वर. त्याला घाबरून उपास करू नका. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात, त्यामुळे एका रात्रीत किलोभर चरबी चढत नाही. रोज 400-500 ची तूट ठेवली तर सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरतं, पुढे वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराला कमीच लागतं. काही आठवडे अडकल्यासारखं होईल. त्या काळात कमरेला टेप लावा, काट्यापेक्षा ती जास्त खरं बोलते.

"तीन महिन्यांत दहा किलो होईल का?" हा प्रश्न मला नेहमी येतो. बहुतेकांना होणार नाही, आणि गरजही नाही. 80 किलोच्या माणसाचे चार किलो गेले, म्हणजे फक्त पाच टक्के, तरी रक्तदाब आणि साखर सुधारायला लागते. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या 2002 मधल्या मोठ्या अभ्यासात लोकांना उद्दिष्ट दिलं होतं सात टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला 150 मिनिटं, चालण्यासारख्या व्यायामाचं. तेवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं.

ज्यांना मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी मात्र खाणं बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगा, डोस तोच राहिला तर साखर एकदम उतरू शकते. गरोदरपणात हे काहीही करू नका. आणि खाणंपिणं न बदलता वजन चढत असेल तर थायरॉइड तपासा, चालू औषधांची यादीही दाखवा. स्टेरॉइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधं वजन वाढवतात, पण ती परस्पर बंद करायची नाहीत, पर्याय आहे का ते विचारायचं.