आईची अकरा मिनिटं: एक तारा देणाऱ्या ताईंना आमच्या दुकानाचं उत्तर

ताई, नमस्कार. तुमचा रिव्ह्यू परवा रात्री शटर ओढताना वाचला आणि तिथंच काउंटरवर उभं राहून उत्तर लिहून काढलं. बरं झालं पाठवलं नाही, तापलेल्या डोक्यानं लिहिलेलं होतं. काल सकाळी आधी तुमच्या चारही फायली लावून शेवटपर्यंत बघितल्या. खरं तर हे काम तुमच्या हातात पेन ड्राइव्ह द्यायच्या आधीचं होतं.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंच्या आई एका मराठी चॅनलच्या पाककला स्पर्धेत होत्या. त्याचे चार भाग घरच्या रेकॉर्डिंगवाल्या डीटीएच डब्यात साठवलेले आहेत. आई आता नाहीत. ते भाग पेन ड्राइव्हवर घेऊन द्यायचं काम आमच्याकडं आलं. ताईंचं म्हणणं असं: दहा मिनिटांच्या कॉपी-पेस्टला चार दिवस लावले, ८०० रुपये घेतले, चित्र धुरकट, आईचा चेहरा ओढल्यासारखा लांबट, आणि अंतिम फेरीत आई परीक्षकांना पांढरा रस्सा वाढते तो शेवटच गायब. वर भाच्याचं मत, की डब्यातली हार्ड डिस्क काढून लॅपटॉपला लावली असती तर झालं असतं, यांना कामच येत नाही.

शेवट गायब आहे, ही चूक आमची. सबब नाही, फक्त कसं झालं ते सांगतो. पहिले तीन भाग पन्नासेक मिनिटांचे, अंतिम फेरी १ तास ८ मिनिटांची. लग्नाच्या कामांनी आमची डिस्क भरली होती, म्हणून चौथा भाग मी थेट तुमच्या पेन ड्राइव्हवर घ्यायला लावला. तुमचा पेन ड्राइव्ह कंपनीतून येतो तसाच, फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या पुढं वाढतच नाही. आम्ही जितक्या दाट क्वालिटीत घेत होतो त्या हिशेबानं ५७ मिनिटांना ४ जीबी भरले आणि फाइल तिथंच थांबली. उरलेली अकरा मिनिटं डबा टीव्हीवर दाखवत राहिला, पण लिहिलं काहीच गेलं नाही. हा ४ जीबीचा नियम मी रोज गिऱ्हाइकांना समजावून सांगतो, आणि नेमका तुमच्याच कामात विसरलो. दुकानातल्या पोरावर ढकलणार नाही. तपासायचं काम माझं होतं.

लांबट चेहऱ्याची चूकही आमचीच. रुंद पडद्याचं चित्र डब्यातून कॉम्प्युटरकडं नेणाऱ्या जुन्या वायरीनं बाहेर पडताना आडवं दाबून येतं आणि नंतर कॉम्प्युटरवर त्याला सांगावं लागतं की बाबा, तू १६:९ चा आहेस. ते सांगायचं राहिलं. हे पाच मिनिटांत सुधारतं, परत रेकॉर्ड करायचीही गरज नाही.

आता 'दहा मिनिटांचं कॉपी-पेस्ट' याबद्दल. इथं मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे, राग मानू नका.

तुम्ही शेजाऱ्यांचं उदाहरण दिलंत, त्यांनी स्वतः घरच्या घरी कॉपी केलं म्हणून. त्यांच्याकडं फ्री डिश आहे. दूरदर्शननं २००४ साली डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू केलेली ती सेवा. तिथले बहुतेक चॅनल कुलूप न लावता येतात. त्यामुळं बाजारात मिळणाऱ्या साध्या डब्याला पेन ड्राइव्ह लावला, रेकॉर्डचं बटण दाबलं, की आकाशातून जे आलं तेच जसंच्या तसं टीएस नावाच्या फायलीत उतरतं. पेन ड्राइव्ह काढा, कॉम्प्युटरला लावा, व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा. चित्रात तसूभर फरक पडत नाही. मोठा कार्यक्रम असला तर दोन-तीन तुकडे होतात, कारण तोच ४ जीबीचा नियम, पण निदान ते डबे पुढचा तुकडा सुरू तरी करतात. शेजारी खोटं बोलत नाहीत. तुमच्याकडं तसा डबा असता तर मी पैसेही घेतले नसते, चहा पाजून परत पाठवलं असतं.

तुमचा डबा पैसे भरून चालणाऱ्या डीटीएच कंपनीचा. त्यातलं रेकॉर्डिंग तुमच्या घरात असलं तरी कुलूपबंद असतं, आणि किल्ली तो डबा नि त्यातलं कार्ड यांच्या जोडीत. पहिल्या दिवशी तुम्ही डबा आणलात, कार्ड घरी राहिलं. दुसऱ्या दिवशी कार्ड आलं, पण रिचार्ज संपलेलं, म्हणून आईचं रेकॉर्डिंग लावलं की पडद्यावर फक्त पैसे भरा असा निरोप. आपणच रेकॉर्ड केलेलं आपल्यालाच बघू देत नाहीत, यावर तुम्ही दुकानात काय बोललात ते मी इथं लिहीत नाही, पण माझंही मत तेच आहे. तिसऱ्या दिवशी सोमवार, दुकान बंद. चौथ्या दिवशी काम झालं. यातला कुठला दिवस माझ्या नावावर टाकायचा ते तुम्हीच ठरवा.

भाच्याला माझा निरोप सांगा: डिस्क काढू नकोस. कृपा करून काढू नकोस. त्या डिस्कची मांडणी विंडोजला वाचता येत नाही. लॅपटॉपला लावली की तो सरळ विचारतो, डिस्क फॉरमॅट करायची का? मागं एका गिऱ्हाइकाच्या घरी कुणीतरी भाबडेपणानं 'हो' दाबलं. ते डिस्क पिशवीत घालून माझ्याकडं आले तेव्हा त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. आणि समजा विंडोजऐवजी लिनक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीवर बसून कुणी ती डिस्क वाचलीच, तरी हाताला लागतात त्या कुलूप लागलेल्या फायली. उघडल्या तर हिरवे-करडे चौकोनसुद्धा दिसत नाहीत, प्लेअर ओळखतच नाही.

कोल्हापुरातल्या २०१९ च्या पुरानंतर व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीच्या बाजूनं लोक चिखलानं भरलेल्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट घेऊन आमच्याकडं आले होते. हे काम आम्ही तेव्हापासूनच जोरात करतो. कॅसेट खोलायची, फीत धुवायची, सावलीत वाळवायची, दुसऱ्या खोक्यात बसवायची. दहातल्या काही चालल्या, काही नाही. पण पंचगंगेच्या गाळातून आलेली फीत निदान प्रयत्न तरी करू देते. तुमचा डबा कोरडा, चकचकीत, आणि तो काहीच करू देत नाही. गंमतच आहे.

मग उरतो एकच रस्ता: डबा टीव्हीला जसं चित्र देतो तसं ते कॉम्प्युटरला द्यायचं आणि चालू असताना टिपून घ्यायचं. म्हणजे एक तासाच्या भागाला एक तास. पुढं ढकलता येत नाही, घाई करता येत नाही. तुमचे चार भाग ३ तास ३८ मिनिटांचे. तासाला २०० रुपये हा आमचा दर, तो भिंतीवर लिहिलेला आहे. चार तास धरून ८०० त्याचे झाले.

धुरकटपणाचं कारणही तिथंच. डब्याला बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत. एक एचडीएमआय, चित्र लख्ख, पण तिच्यावर एचडीसीपी नावाचा पहारा. समोर टीव्ही आहे अशी खात्री पटली तरच चित्र सोडतो, रेकॉर्ड करणारं यंत्र दिसलं की काळा पडदा. दुसरी वाट ती जुनी पिवळी-लाल-पांढरी वायर. तिच्यातून जास्तीत जास्त ५७६ ओळींचं चित्र येतं, तुमचं रेकॉर्डिंग होतं १०८० ओळींचं. निम्म्याहून जास्त तपशील वायरीतच राहतो. आई पातेल्यात डाव फिरवताना कडेला कंगव्यासारखे दात दिसतात ना, ते मात्र वेगळं: टीव्हीचं चित्र एक सोडून एक ओळींनी दोन हप्त्यांत येतं, आणि मधल्या क्षणात डाव पुढं गेलेला असतो. ते दात घालवता येतात, आम्ही घालवून देऊ. हरवलेला तपशील मात्र परत आणता येत नाही, आणि कुणी एआयनं आणून देतो म्हणालं तर तो तुमच्या आईचा चेहरा नसेल, कॉम्प्युटरनं अंदाजानं काढलेला असेल. मी तरी माझ्या आईच्या बाबतीत ते करणार नाही.

एचडीएमआयवरचा तो पहारा उठवणारी खेळणी बाजारात मिळतात, मला माहीत आहे. आम्ही वापरत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ ए आलं. हक्क मोडायच्या हेतूनं असं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तुमचा हेतू आईचा चेहरा जपायचा, हे आंधळ्यालाही कळेल. पण पाटी लावून, पैसे घेऊन कुलपं तोडणारा दुकानदार मी व्हायचं का, हा माझा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर नाही असं आहे. हे तुम्हाला डबा घेतानाच सांगायला हवं होतं. 'जेवढं चांगलं येईल तेवढं देतो' एवढंच मी बोललो, आणि तुम्ही एचडी धरून चाललात. त्या गैरसमजात माझा वाटा आहे.

तर आता असं करू. चौथ्या भागाचे पैसे परत, डबा आणलात की हातात देतो. चौथा भाग पुन्हा पूर्ण घेऊ, या वेळी आमच्या डिस्कवर, आणि चारही भागांचे चेहरे नि कंगवे सुधारून देऊ. शेवटची अकरा मिनिटं तुमच्यासमोर लावून दाखवल्याशिवाय पेन ड्राइव्ह देणार नाही. तारे वाढवा असं मी म्हणणार नाही.

फक्त तोवर दोन गोष्टी सांभाळा. जुना डबा देऊन नवा घ्या असा फोन आला तर सध्या नाही म्हणा. डबा गेला की आतलं सगळं गेलं, नव्या डब्यात ते उतरत नाही. आणि घरी कुणी मालिका रेकॉर्डला लावत असेल तर थांबवा. जागा भरली की काही डबे जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसतात, आणि तुमच्या डब्यात सगळ्यात जुनं आईचंच आहे. मेनूमध्ये त्या चार भागांना 'जपून ठेवा' अशा अर्थाची खूण करायची सोय असेल तर आजच करा. जमलं नाही तर दुकानाच्या नंबरवर फोन करा, बटणं मी सांगतो.

मंगळवारपासून कधीही या, साडेदहाला उघडतो. रिचार्ज चालू आहे का बघून निघा, आणि कार्डाबरोबर या वेळी रिमोटही आणा. मागच्या खेपेला आमच्या रिमोटनं तुमचा मेनू उघडायला माझी अर्धी सकाळ गेली होती.