अर्थिंगची पिन कापा म्हणे!

"सेन्सरचं रीडिंग नाचतंय? ५ मिनिटांत नॉइज झिरो" असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. मी सोडून देणार होतो, पण काल भाच्याचा फोन, "मामा, प्लगची अर्थ पिन कापली तरी तापमान हलतंच आहे." डिप्लोमाचा प्रोजेक्ट आहे त्याचा, अंडी उबवायचं मशीन. डोकंच फिरलं माझं.

तर आधी तेच. "नॉइज अर्थमधून येतो, पिन कापा." अरे बाबांनो, पत्र्याच्या जाळीवाल्या एसएमपीएसमध्ये (मेन्सवरून डीसी देणारा पॉवर सप्लाय) फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला छोटे फिल्टर कॅपॅसिटर असतात, सप्लायचा कचरा अर्थला सोडायलाच. अर्थ तोडली की तो पत्रा अधांतरी, मीटरवर साधारण ११५ व्होल्ट दाखवतो. करंट किरकोळ म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण आतलं इन्सुलेशन गेलं तर पूर्ण २३० बॉडीवर, आणि करंटला अर्थकडे वाटच नाही म्हणून कोणी हात लावेपर्यंत ईएलसीबीसुद्धा (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडणार नाही. त्यात ह्या मशीनमध्ये दमटपणासाठी पाण्याची ताटली ठेवलेली! ओल्या हातानेच उघडणार ना पोरं ते?

बरं, एक मान्य. लॅपटॉपचा चार्जर अर्थवाला, सप्लायही अर्थवाला आणि मध्ये यूएसबी, तर ग्राउंड लूप होतो, म्हणजे अर्थच्या दोन वाटांची कडी बनते आणि तिच्यात फिरणारा करंट रीडिंग हलवतो. पिन कापून कोणाला फरक पडला असेल तर तो ह्यामुळे. मग रीडिंग घेताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा की!

"१००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा." भाच्याने लावला, काही झालं नाही, होणारच नव्हतं. त्याच्या रिलेचा (हीटर चालू-बंद करणारा स्विच) आणि एलएम३५ चा (तापमानाचा सेन्सर) ग्राउंड एकाच जंपर वायरमधून अर्डुइनो उनो बोर्डला येत होता. रिलेची कॉइल साधारण ७० मिलिअँपिअर घेते, जंपर आणि ब्रेडबोर्डचा मिळून ०.२ ओहम धरा, झाले १४ मिलिव्होल्ट. एलएम३५ डिग्रीला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे रिले ओढला की तापमान जागच्या जागी १.४ डिग्री "वाढलं", लगेच रिले सुटला, परत ओढला, नुसती टकटक. सेन्सरच्या ग्राउंडची वायर वेगळी थेट बोर्डला न्या, संपलं.

"१०० रीडिंगचं अ‍ॅव्हरेज घ्या" वगैरे ठीक आहे, पण ही १.४ ची चूक अ‍ॅव्हरेजनंतरही १.४ च राहते. आणि फॉरवर्डमधलं ते ५ व्होल्टच्या अडॅप्टरपुढे ७८०५ (स्थिर ५ व्होल्ट देणारी रेग्युलेटर चिप) लावणं? त्याला इनपुटला ७ व्होल्ट तरी लागतात हो.

फॉरवर्डमध्ये जे नाहीच ते असं, की उनो मोजताना ५ व्होल्टचा सप्लायच फूटपट्टी म्हणून वापरतो. यूएसबी ४.७५ वर उतरलं की ३७.५ डिग्रीचे ३९.५ दिसतात. त्यापेक्षा आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स घ्या, तो चिपगणिक थोडा वेगळा असतो म्हणून एकदा थर्मामीटरशी जुळवा. उनोवरच्या एटीमेगा ३२८पी चिपच्या डेटाशीटमध्ये एडीसीचं (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) प्रकरण वाचा, अ‍ॅनालॉग सप्लायला १० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि १०० नॅनोफॅरड, अ‍ॅनालॉग वायरी आखूड, सगळं दिलंय. पक्कड घेऊन प्लगकडे जा असं कुठेच नाही.

भाच्याला नवीन थ्री-पिन टॉप आणायला लावलाय. ग्राउंडची वायर वेगळी केल्यावर टकटक थांबली असं रात्री कळलं, अंडी मात्र टॉप बदलल्याशिवाय ठेवायची नाहीत असं बजावलंय.